खालाचा हिबानामा

म्हातारपणाविषयी मराठीत बोलायला बसले की 'नटसम्राट'चे नाव पहिल्या पाच मिनिटांत निघते. नाशिकमध्ये तर ते निघाल्याशिवाय राहतच नाही. हे तात्यासाहेब शिरवाडकरांचे गाव. २७ फेब्रुवारी आला की शाळाशाळांतून त्यांची जयंती मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरी होते आणि खांद्यावर शाल टाकून, आवाजाला थरथर आणून एखादा मुलगा गणपतराव बेलवलकरांचे स्वगत म्हणतो. आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळाही याला अपवाद नाहीत. आठवी-नववीची ही मुले, त्यांना म्हातारपणाचे काय कळणार? पण टाळ्या पडतात, दोनचार शिक्षकांचे डोळे पाणावतात, आणि मग सूत्रसंचालक ठरलेले वाक्य म्हणतो की आजच्या आधुनिक समाजात बुजुर्गांचा आदर राहिलेला नाही.

या ठरलेल्या वाक्याशी आमचे भांडण आहे. ते साफ खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण ते इतके सोपे आहे की ते बोलून झाल्यावर कुणालाच काही करावे लागत नाही. दोष 'आजच्या काळा'वर गेला, आपण मोकळे झालो.

उर्दू शाळेत शिकवत असल्याने आमच्या एका कपाटात शिरवाडकर असतात आणि दुसऱ्यात प्रेमचंद. दोन्ही कपाटे एकदम उघडली तर हे ठरलेले वाक्य टिकत नाही. प्रेमचंदांची 'पंच परमेश्वर' ही कथा १९१६ साली 'सरस्वती' मासिकात छापून आली. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे झाली. तेव्हा गावात ना टीव्ही होता, ना मोबाईल, ना अमेरिकेत गेलेला मुलगा. एकत्र कुटुंब होते, पंचायत होती, पंचायतीचे झाड होते. आणि त्याच गावात जुम्मन शेखची म्हातारी खाला कडू बोलण्यासोबत वाढलेल्या रोट्या गिळत होती.

कथा बहुतेकांना माहीत आहे, पण ती जशी लक्षात राहते तशी ती नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. खालाकडे थोडीशी मिळकत होती, जवळचे कुणी नव्हते. जुम्मनने गोड बोलून, आश्वासने देऊन ती मिळकत आपल्या नावावर करून घेतली. रजिस्ट्री होईपर्यंत खालाची खूप बडदास्त होती, हलवा-पुलाव होता. रजिस्ट्रीचा शिक्का बसला आणि त्या खातिरदारीवरही शिक्का बसला. जुम्मनची बायको करीमन रोटीबरोबर टोमणे वाढू लागली. शेवटी खालाने सांगितले की तुमच्याबरोबर माझे जमणार नाही, मला महिन्याला पैसे द्या, मी माझे वेगळे शिजवून खाईन. जुम्मनने उडवून लावले. तेव्हा कंबरेतून वाकलेली ती बाई हातात काठी घेऊन कित्येक दिवस आसपासच्या गावांतून फिरली, दारोदार आपले गाऱ्हाणे मांडले आणि पंचायत बसवली. सरपंच म्हणून तिने जुम्मनचाच जिवलग दोस्त अलगू चौधरी निवडला. अलगूने निकाल दिला की खालाला महिन्याचा खर्च द्यावा, मान्य नसेल तर हिबानामा रद्द समजावा.

हिबा म्हणजे हयातीत आपल्या मर्जीने, मोबदला न घेता दिलेले दान. मराठीत आपण बक्षीसपत्र म्हणतो. या एका शब्दापाशी आमच्या मते सगळा प्रश्न येऊन थांबतो.

आता बेलवलकरांकडे पाहा. 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग धी गोवा हिंदू असोसिएशनने २३ डिसेंबर १९७० रोजी केला. बेलवलकर झालेले डॉ. श्रीराम लागू तेव्हा अवघे त्रेचाळीस वर्षांचे होते, नुकतेच डॉक्टरी सोडून पूर्णवेळ रंगभूमीवर आलेले. १९७४ साली या नाटकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यावर शेक्सपिअरच्या लिअर राजाची छाया आहे, हे समीक्षकांनी पुष्कळदा लिहिले आहे. लिअर राज्य वाटून टाकतो, बेलवलकर घर आणि पैसा मुलाला आणि मुलीला वाटून टाकतात. वाटताना ते कसलीही अट घालत नाहीत. कशी घालतील? नटांचा सम्राट आहे, सम्राट हिशेब करीत नाही. मग मुलाच्या घरी सुनेशी खटके, तिथून मुलीच्या घरी, आणि मुलीच्या घरी चोरीचा आळ. म्हातारा-म्हातारी बाहेर पडतात, वाटेत कावेरी जाते, आणि हा माणूस बूटपॉलिशवाल्या राजाच्या सोबतीने रस्त्यावर येतो.

दोन्ही कथांचा सांगाडा एक आहे. आधी दस्त, मग ताट. तरीही दोन म्हातारपणे किती निराळी आहेत! बेलवलकर बोलतात, आणि असे बोलतात की पन्नास वर्षे झाली तरी महाराष्ट्र ते ऐकतो आहे. शिरवाडकरांनी त्यांना मराठीतली सगळी दौलत देऊन टाकली आहे. पण त्या बोलण्यात एक मागणी अशी नाही की जी समोरच्याला पुरी करता येईल. त्यांना प्रेम हवे आहे, पूर्वीचा रुबाब हवा आहे, घर हवे आहे ते चार भिंतींचे नव्हे. खाला फार बोलत नाही. तिला रोख रक्कम हवी आहे आणि वेगळी चूल. जुम्मनने तिच्यावर प्रेम करावे असे ती एकदाही म्हणत नाही. आम्हाला हे फार मोठे वाटते. ज्या बाईला लिहिता-वाचता येते की नाही ते कथा सांगत नाही, तिला इतके स्वच्छ कळले आहे की माया मागून मिळत नाही, महिन्याचा खर्च मात्र मागता येतो.

आणि बेलवलकर पंचायत बसवत नाहीत. ते निघून जातात. निघून जाणे रंगमंचावर भव्य दिसते, त्याने नाटक उंचीवर जाते, हे कबूल. पण निघून जाण्याची किंमत कुणी मोजली? कावेरीने. दान तिने दिलेले नाही. सगळे हातचे सोडून द्यायला तिचे मन तयार नव्हते, ती व्यवहार जाणणारी बाई आहे. समोरचे ताट द्यावे पण बसायचा पाट देऊ नये, अशी म्हण ज्या बायकांनी जपली त्यांच्यापैकीच ती एक. पहिल्या प्रयोगांत शांता जोगांनी ही कावेरी उभी केली. जुनी माणसे त्यांचे नाव अजून आदराने घेतात, पण 'नटसम्राट' म्हटल्यावर पुढे येतो तो लागूंचाच चेहरा, आणि २०१६ च्या चित्रपटानंतर नाना पाटेकरांचा. नटसम्राटाच्या दानाखाली एक बाई बेघर होऊन मेली, हे वाक्य या नाटकावरच्या लेखांत आम्हाला फारसे आढळले नाही.

प्रेमचंदांची 'बूढी काकी' यात मिळवली तर चित्र आणखी स्पष्ट होते. नवरा आणि मुले गेल्यावर काकीने आपली मालमत्ता पुतण्या बुद्धिरामच्या नावे केली. वर्षाला दीड-दोनशे रुपयांचे उत्पन्न होते, त्या काळात ते लहान नव्हते. घरात टिळ्याचा समारंभ, पुऱ्या तळल्या जात आहेत, वास काकीच्या कोठडीपर्यंत येतो आहे, आणि तिला कुणी वाढत नाही. ती सरपटत कढईपाशी येते, रूपा तिला सगळ्यांदेखत टाकून बोलते. रात्री चिमुकली लाडली आपल्या वाट्याच्या पुऱ्या लपवून तिला आणून देते, त्याने भूक आणखी पेटते आणि म्हातारी उष्ट्या पत्रावळींपाशी जाऊन बसते. काकीला ना बेलवलकरांची भाषा, ना खालाची काठी. तिला फक्त जीभ उरली आहे, चवीपुरती. वर्गात ही कथा वाचताना आवाज नीट ठेवणे आम्हाला आजही जड जाते.

तिन्ही ठिकाणी कडू बोलण्याचे काम कुणाकडे आहे, तेही पाहावे. करीमन, रूपा, शारदा. मिळकत जुम्मनला मिळाली, बुद्धिरामला मिळाली, बेलवलकरांच्या मुलाला मिळाली. तोंड मात्र सुनेचे वाजते. ज्याच्या नावावर सातबारा आहे तो दाराआड उभा राहतो, आणि जिच्या नावावर काहीच नाही ती म्हाताऱ्या माणसाचे अंथरूण, पथ्यपाणी, दवाखाना सांभाळते आणि वर वाईटही ठरते. लेखक तिघांनाही दुष्ट ठरवत नाहीत, हे खरे. रूपाला तर प्रेमचंदांनी पश्चात्तापाचा तो अपूर्व शेवट दिला, भरले ताट घेऊन ती स्वतः काकीपुढे बसते. पण वाचक ते विसरतो आणि 'हल्लीच्या सुना' एवढेच घरी घेऊन जातो. आमच्या मोहल्ल्यात जुमेच्या बयानात आई-वडिलांच्या हक्कांवर जे बोलले जाते, त्यात खिदमत मुलाची म्हणून सांगतात आणि घरी ती सून करते. तिच्या खिदमतीचा हिशेब कोणत्या दस्तात लिहिलेला असतो?

मोहल्ल्याचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडे. शरीयतीने वारसाहक्क मृत्यूनंतरचा ठेवला आहे. माणूस हयात असताना त्याच्या मालमत्तेत मुलाचा हिस्सा नसतो. मुलगा-मुलगी दोघांनाही वाटा आहे, मुलाच्या निम्मा का होईना मुलीला आहेच. मुले असतील तर विधवेला आठवा हिस्सा आहे. मृत्युपत्राने एक तृतीयांशाहून अधिक देता येत नाही. ही सगळी व्यवस्था नीट पाळली तर म्हातारा माणूस शेवटच्या श्वासापर्यंत आपल्या घराचा मालक राहतो. पण घरोघर चालते ते वेगळेच. बाप हयात असतानाच हिबा होतो, बहुतेक वेळा मुलांच्या नावे, आणि बहिणींनी आपण होऊन सोडले असे सांगितले जाते. मुसलमानाचा हिबा तोंडीही चालतो. देणाऱ्याने जाहीर करावे, घेणाऱ्याने स्वीकारावे, ताबा द्यावा, झाले. आणि आई-वडिलांनी मुलाला दिलेला, ताब्यात गेलेला हिबा परत घेता येत नाही, असे हनफी मत आहे. मग काही वर्षांनी तीच म्हातारी आई जिला काही मिळाले नाही त्या मुलीच्या दोन खोल्यांत राहायला आलेली दिसते. जुन्या नाशिकच्या गल्ल्यांतून अशी उदाहरणे ज्याला हवी त्याने मोजावीत. ईदच्या दिवशी त्याच आईच्या हाताचे चुंबन घ्यायला सगळे मुलगे येतात. अदब पुरेपूर आहे, तक्रारीला जागा नाही.

हे केवळ आमच्या समाजात आहे असे मात्र कुणी समजू नये. महाराष्ट्रात २०१५ पासून राहते घर किंवा शेतजमीन मुलाला, मुलीला, नातवंडाला बक्षीस दिली तर मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. सरकारचा हेतू चांगलाच असणार. पण बेलवलकर व्हायला पूर्वी जो खर्च येई तो आता येत नाही.

अलगू चौधरीच्या निकालाला कायद्याच्या पुस्तकात जागा मिळायला एक्क्याण्णव वर्षे लागली. २००७ साली संसदेने आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा केला. तो सर्व धर्मांच्या लोकांना लागू आहे. प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवर न्यायाधिकरण, महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च, आणि कलम २३. हे कलम म्हणते की ज्येष्ठ नागरिकाने आपल्या मूलभूत सोयी आणि गरजा भागवण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने झाले असे मानून रद्द ठरवता येईल. खर्च द्या, नाहीतर हिबानामा रद्द. शब्द कायद्याचे, निकाल झाडाखालचा.

पण एक 'अटीवर' हा शब्द मध्ये आहे, आणि पुढची सगळी भांडणे त्याच शब्दावर झाली. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशी अट घातल्याचे सिद्ध झाल्याशिवाय कलम २३ चालणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने म्हटले की हा कायदा म्हाताऱ्यांच्या भल्यासाठी आहे, त्याचा अर्थ उदारपणे लावावा, आणि एका आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द ठरवले. आम्ही वकील नाही. तरी हे दोन निकाल वाचताना आमच्या डोळ्यांसमोर आमच्या कपाटातली माणसे उभी राहिली. पहिल्या निकालापुढे खाला हरते. जुम्मनने आश्वासने दिली होती, पण ती हिबानाम्यात लिहून घेतल्याचे कथा सांगत नाही. दुसऱ्यापुढे कदाचित जिंकेल. काकीचेही तसेच. बेलवलकर मात्र दोन्हीकडे हरतात. त्यांनी तर मुलांकडून काही मागायचे असते हेच मनात आणले नाही. निरपेक्ष देणे हीच त्यांची शान होती. आपल्या साहित्याने जे दान सर्वांत उंच मानले, ते कचेरीत सर्वांत दुबळे ठरते.

अट लिहून घेणे म्हणजे नात्यावर अविश्वास दाखवणे, असे आपल्याकडे समजतात. बापाने मुलाकडून लिहून घ्यायचे? लोक काय म्हणतील? आम्हाला वाटते, हा संकोच वाढवण्यात साहित्याचाही हात आहे. हिशेबी म्हातारा आपल्या कथांत खाष्ट असतो, कंजूष असतो. सारे देऊन उघडा पडलेला म्हातारा थोर असतो. ज्याने घर आपल्या नावावर ठेवले, भाडेकरू ठेवला, मुलांशी बरे ठेवले आणि शांतपणे मेला, त्याच्यावर नाटक कोण लिहील? आमच्या ओळखीचे असे दोघे-तिघे आहेत. त्यांच्या घरात सून आणि सासू दोघीही सुखाने बोलतात.

जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'मधील नाना-नानींचा प्रश्न याहून वेगळा आहे. त्यांच्याकडे घर आहे, पोटाची ददात नाही. त्यांना माणूस हवे आहे. मध्यमवर्गाचे म्हातारपण आज पुष्कळसे तसेच आहे आणि ते दुःख खोटे नाही. पण ज्याने आयुष्यभर भाजीची हातगाडी लावली, शिलाईयंत्र चालवले, मालेगावच्या यंत्रमागावर रात्रपाळी केली, त्याला निवृत्तिवेतन कुठले? त्याच्याकडे एक खोली असते. ती दिली की संपले. २०११ च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेली माणसे दहा कोटींच्या वर होती. त्यांतल्या अशा एका खोलीच्या मालकांवर मराठीत किती लिहिले गेले आहे? मुस्लिम मराठी साहित्यात तलाकपीडितेची कथा आली, दंगलीची आली, बुरख्याची आली. त्या यायलाच हव्या होत्या. हिबा करून बसलेल्या दादीची कथा मात्र आम्ही शोधतो आहोत.

'पंच परमेश्वर'कडे शेवटचे एकदा वळू. वर्गात आणि पुस्तकांत ती दोस्तीची आणि न्यायाची कथा म्हणून शिकवली जाते. प्रश्न ठरलेले. अलगू आणि जुम्मन यांची मैत्री कशी होती? पंचाच्या जबाबदारीचे वर्णन करा. कथेचा उत्तरार्ध पाहिला तर तोही तसाच आहे. समझू साहूशी बैलाच्या पैशांवरून भांडण होते, यावेळी जुम्मन सरपंच होतो, खरा निकाल देतो, दोघे दोस्त गळाभेट घेतात आणि कथा संपते. अलगूच्या डोळ्यांत पाणी आहे. खाला तिथे नाही. निकाल लागल्यानंतर तिचे काय झाले, महिन्याचा खर्च सुरू झाला की नाही, याचा कथेत पत्ता नाही. जिच्या काठीने पंचायत उभी राहिली तिला लेखकाने पंचायतीतून उठवून कुठे पाठवले? प्रेमचंदांसारख्या थोर लेखकाविषयी हे लिहिताना हात अडखळतो, पण 'बूढी काकी' लिहिणारा माणूस खालाला असा विसरावा याचे आश्चर्य वाटते. पुरुषांची मैत्री दुरुस्त झाली की बाईचा दावा निकाली निघाला, असे तर कथा धरून चालत नाही ना?

आम्ही हा प्रश्न आठवीच्या मुलांपुढे ठेवला आणि खालाचे पुढे काय झाले ते दहा ओळींत लिहून आणायला सांगितले. बऱ्याच मुलांनी जुम्मनला लगेच सुधारून टाकले. दोघा-तिघांनी खालाला हजला पाठवले. एका मुलीने लिहिले की खालाने त्याच अंगणात दुसऱ्या कोपऱ्याला चूल मांडली, जुम्मन दर महिन्याला पैसे आणून चुलीजवळच्या पत्र्याखाली ठेवायचा आणि काही न बोलता जायचा, आणि करीमनला ताप आला तेव्हा खालाने तिच्यासाठी खिचडी शिजवली. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने काहीच लिहिले नव्हते. विचारले तर म्हणाला, हिबानामा रद्द झाला असता तर जुम्मनला दुसरीकडे जावे लागले असते की खालाला, ते आधी सांगा. वर्गात थोडा वेळ वाद झाला. निम्म्या मुलांचे म्हणणे पडले की घर जुम्मनच्या बापाचे असेल, खालाची फक्त शेती असेल, तेव्हा खालाच बाहेर. दुसऱ्यांचे म्हणणे, शेती असेल तर ती विकून खोली घेता येते. तास संपल्याची घंटा झाली तरी ते मिटले नव्हते.